कोळसा आधी ओळखा, मग जाळा: शेगडीपासून जमिनीखालच्या गॅसपर्यंत

मे महिन्यातली दुपार होती. वरोऱ्याकडचे एक वीटभट्टीवाले भाऊ सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात दहा-बारा किलो कोळसा बांधून आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. "ताई, पाहून द्या न एकदा. अर्धा ढीग पेटतच नाही जी." मी पोतं जमिनीवर रिकामं केलं. यंत्र लावायची गरजच पडली नाही. पोत्यातला जवळजवळ निम्मा माल कोळसा नव्हताच, काळा शेल होता. म्हणजे कोळशाच्या थराला चिकटून येणारा चिखलाचा दगड. त्यांनी त्याचे कोळशाच्या भावाने पैसे मोजले होते.

चंद्रपुरात कोळसा तपासण्याचं काम मी २९ वर्षं केलं. या काळात एक गोष्ट पक्की कळली. "कोळसा" नावाची एकच वस्तू नसते. एका खाणीच्या दोन थरांतला कोळसासुद्धा दोन स्वभावांचा असतो, आणि तो स्वभाव न विचारता जो जाळायला जातो त्याचे पैसे तरी जातात, भट्टी तरी बिघडते, किंवा त्याहून वाईट होतं. आता जमिनीखालीच कोळशाचा गॅस करण्याची चर्चा सुरू आहे. तिथे तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण तो कोळसा आपल्या हातात कधी येणारच नाही. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगते.

हाताने आणि डोळ्यांनी

आधी वजन. सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन हातांत घ्या, एक खात्रीचा, एक संशयाचा. चांगला कोळसा पाण्याच्या सव्वा ते दीड पट जड असतो, शेल दुपटीच्याही वर जातो. दहा तुकडे हाताळलेत की तळव्याला फरक कळायला लागतो. मग हातोडीने तोडा. कोळशाच्या टोकदार, चौकोनी ठिकऱ्या उडतात. शेलचे वहीच्या पानांसारखे पापुद्रे सुटतात.

तुटलेली ताजी बाजू उन्हात धरा. आमच्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात चकचकीत आणि मळकट पट्टे आलटून-पालटून दिसतात. चकचकीत पट्ट्यात राख कमी, मळकट पट्ट्यात जास्त. मध्येच लाकडी कोळशासारखा मऊ, बोटं काळी करणारा पट्टाही सापडतो. पितळेसारखे पिवळे ठिपके दिसले तर ते लोह-गंधकाचं खनिज. असा कोळसा जळताना घसा धरणारा वास येतो आणि भट्टीचं लोखंड लवकर खातं.

आता रेघ. चिनी मातीच्या टाइलची मागची खडबडीत बाजू घ्या आणि तिच्यावर तुकडा घासा. तपकिरी रेघ उमटली तर लिग्नाइट, काळी किंवा काळपट उमटली तर त्याच्या पुढच्या पायरीचा दगडी कोळसा. लिग्नाइट आणखी एका गोष्टीवरून ओळखू येतो. उन्हात दोन दिवस ठेवला की त्याला भेगा पडतात, कारण त्याच्या पोटात पाणी फार असतं.

या पायऱ्या म्हणजे एकाच प्रवासाचे टप्पे. दलदलीत झाडं पडली, वर गाळ साचला, दाब आणि उष्णता वाढत गेली. पहिला टप्पा पीट. त्यात मुळं, पानं नुसत्या डोळ्यांना दिसतात. आपल्या देशात नीलगिरीच्या डोंगरांत ते थोडंफार आहे. दुसरा लिग्नाइट. तमिळनाडूत नेयवेलीला, गुजरातमध्ये कच्छ आणि सुरतेकडे, राजस्थानात बाडमेर-बिकानेरला त्याचे मोठे साठे आहेत. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातही जांभ्याच्या खाली त्याचे पातळ थर आहेत, पण धंद्याच्या कामाचे नाहीत. पुढे सब-बिटुमिनस आणि बिटुमिनस, आणि शेवटी अँथ्रासाइट. अँथ्रासाइट कडक, काचेसारखा चमकणारा, हाताला काळं न लावणारा. पाणी आणि राख वगळून मोजलं तर लिग्नाइटमध्ये कार्बन साधारण ६० ते ७० टक्के भरतो, बिटुमिनसमध्ये ७५ ते ९०, अँथ्रासाइटमध्ये ९० च्या वर.

भारतातला बहुतेक सगळा दगडी कोळसा गोंडवन काळातला, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची एक खोड जन्मापासूनची आहे. नद्यांनी वाहून आणलेल्या पाल्यापाचोळ्यात तेव्हाच चिखल बारीक मिसळला. म्हणून आपल्या कोळशात राख जास्त, आणि ती धुऊन सहज निघत नाही. माझ्या घरी शेलचा एक तुकडा आहे. त्यावर जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा उठलाय, मधली शीर आणि जाळीसकट. ते ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाचं पान. नातवंडांना कोळसा काय असतो हे मी त्या पानापासून समजावते.

चार आकडे

हाताची परीक्षा शेल वेगळा काढते. पुढचं काम प्रयोगशाळेचं. पण प्रयोगशाळेचं उत्तर नमुन्याइतकंच खरं असतं. आमच्याकडे आलेल्या अर्ध्याअधिक तक्रारी खराब कोळशाच्या नव्हत्या, खराब नमुन्याच्या होत्या. ट्रकच्या माथ्यावरचे चार चकचकीत ढेकळे उचलून आणले तर आकडा छान येणारच.

नमुना असा घ्या. ट्रकमध्ये किंवा ढिगावर निदान आठ-दहा ठिकाणी वीतभर-दीड वीत खणा आणि तिथून फावड्याने माल काढा. ढेकळं आणि चुरा दोन्ही जसे आहेत त्याच प्रमाणात येऊ द्या. वीस-पंचवीस किलो जमले की सगळं फोडून बारीक करा, स्वच्छ ताडपत्रीवर शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून चपटा करा, फावड्याने त्याचे चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग ठेवा, दोन टाकून द्या. उरलेल्याचा पुन्हा शंकू. असं करत किलोभर उरलं की जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. आत तारीख, ट्रक आणि खाण लिहिलेली चिठ्ठी घाला. पिशवी उघडी राहिली तर ओलावा उडतो आणि सगळं गणित फिरतं.

प्रयोगशाळेत चार गोष्टी काढतात. एक ग्रॅम बारीक भुकटी सुमारे १०८ अंश सेल्सिअसला सुकवली की जितकं वजन घटतं तो ओलावा. दुसरी एक ग्रॅम ८१५ अंशांना पूर्ण जाळली की उरते ती राख. तिसरी झाकण घातलेल्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या छोट्या वाटीत, ९०० अंशांना बरोबर ७ मिनिटं ठेवतात. हवा न मिळता जे वायू आणि डांबर निघून जातं त्यातून ओलावा वजा केला की उरतात ते बाष्पशील पदार्थ. शंभरातून हे तिन्ही वजा केले की राहिला तो स्थिर कार्बन. आमच्या भागातल्या एखाद्या नमुन्याचं उदाहरण घ्या: ओलावा ८, राख ३६, बाष्पशील २५, स्थिर कार्बन ३१. शंभर किलोतले ४४ किलो म्हणजे पाणी आणि माती. ते जळत नाहीत, उलट तापायला उष्णता खातात.

जुन्या पद्धतीत यावरून सरळ हिशेब मांडता येई: ओलावा आणि राख यांची बेरीज करा, १३८ ने गुणा, ८९०० मधून वजा करा. वरच्या नमुन्याचं उत्तर किलोला २८२८ किलोकॅलरी येतं, म्हणजे "ए" ते "जी" या सात वर्गांपैकी "एफ". जानेवारी २०१२ पासून ही पद्धत गेली आणि जाळून मोजलेल्या एकूण उष्णतेवर प्रतवारी आली, जी-१ ते जी-१७. जी-१ म्हणजे किलोला ७००० किलोकॅलरीच्या वर. तिथून प्रत्येक पायरी ३०० ने खाली. जी-११ म्हणजे ४००१ ते ४३००, जी-१७ म्हणजे २२०१ ते २५००. जुनं सूत्र आता व्यवहारात चालत नाही, पण कोळसा घ्यायला निघालेल्या माणसाला मी अजून तेच शिकवते. राख आणि पाणी किती महाग पडतात ते कागदावर लगेच दिसतं.

घरच्या घरी करायचं असेल तर मोकळ्या हवेत, पत्र्याच्या थाळीत १०० ग्रॅम चुरा पूर्ण पांढरट होईपर्यंत जाळा आणि उरलेलं काट्यावर तोला. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण २५ टक्के आणि ४५ टक्के राखेतला फरक नक्की सांगेल. राख तांबूस निघाली तर लोखंडाचा अंश जास्त. अशी राख लवकर वितळते आणि भट्टीच्या जाळीवर खडे धरते.

कोणता कोळसा कशाला

आता त्या चार आकड्यांवरून कामाची निवड.

पोलादासाठी लागतो तो कोकिंग कोळसा. तो ओळखायची जागा म्हणजे तेच ७ मिनिटांचं क्रुसिबल. झारखंडमधल्या झरियाचा नमुना ठेवला आणि झाकण काढलं की आत फुगलेला, कडक, एकसंध गोळा मिळतो. चंद्रपूरचा ठेवला तर भुकटीची भुकटीच. कोकिंग कोळसा तापताना मऊ पडतो, फुगतो आणि पुन्हा घट्ट होतो. त्यातून झालेला कोक झोतभट्टीत वरच्या खनिजाचं ओझं पेलतो आणि हवेला वाट ठेवतो. भुकटी हे काम कधीच करू शकणार नाही, तिची उष्णता कितीही असो. म्हणून आपल्याकडे कोळशाचे डोंगर असूनही पोलाद कारखान्यांना ऑस्ट्रेलियातून कोकिंग कोळसा आणावा लागतो.

वीजकेंद्राचं तसं नाही. तिथे कोळसा दळून पावडरीसारखा करतात, जवळजवळ ७० टक्के माल ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका. मग हवेबरोबर तो फुंकतात. तिथे राखेचा कोळसा चालतो, पण हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. ५९ वॅगनच्या एका रेकमध्ये, म्हणजे मालगाडीत, सुमारे ३८०० टन कोळसा येतो. राख ३६ टक्के म्हणजे एका रेकमागे १३५० टनांहून जास्त राख. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. रोज किती रेक लागत असतील आणि ती राख कुठे जात असेल, हे आमच्या घराच्या गच्चीवर बोट फिरवलं तरी कळतं.

सिमेंटच्या भट्टीत राख वाया जात नाही, ती क्लिंकरमध्येच, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांतच, मिसळते. मात्र तिचं रासायनिक प्रमाण आधी ठाऊक असावं लागतं. कोरपना-राजुऱ्याकडे चुनखडी आणि कोळसा दोन्ही जवळ, म्हणून तिकडे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. वीटभट्टीला बाष्पशील जास्त असलेला कोळसा लवकर पेट घेतो, पण फार चुरा नको. चुरा उरलाच तर त्याचं जुनं औषध आहे: चुरा, शेण आणि थोडी माती मळून गोळे थापायचे आणि वाळवायचे. लिग्नाइट दूर नेऊ नये, त्यातलं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणून नेयवेलीसारखं वीजकेंद्र खाणीच्या तोंडाशीच असतं. आसाम-मेघालयाच्या कोळशात राख कमी, पण गंधक बरंच जास्त. अँथ्रासाइट आपल्याकडे जवळजवळ नाहीच. त्याचे दाणे पाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांत वाळूच्या वर भरतात.

ढीग रचताना

हा भाग छोटा आहे, पण याने माणसं वाचतात. चंद्रपूर-यवतमाळचा कोळसा साठवताना आपोआप तापतो. हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू लागतो, उष्णता आतच कोंडते आणि एक दिवस ढीग पेट घेतो. सकाळच्या थंडीत ढिगाच्या एकाच जागेवरून वाफ निघाली, घासलेटसारखा वास आला, तर आत सुरुवात झालीय असं समजा. ढीग उंच रचू नका, थर देऊन दाबत न्या, ढेकळं आणि चुरा वेगळे ठेवा, आणि जुना माल आधी वापरा.

तापलेल्या जागेवर नुसतं पाणी मारू नका. ती जागा खणून काढा, माल पातळ पसरा, थंड होऊ द्या. लाल झालेल्या कोळशावर पाण्याची वाफ गेली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. एक विषारी, दोन्ही पेट घेणारे. या एका वाक्यातच कोळशाच्या गॅसची सगळी विद्या आहे.

शेगडीतली निळी ज्योत

लहानपणी उमरेडजवळ आमच्या घरी आई अंगणात शेगडी पेटवायची. धूर निघून गेला, कोळसे लाल झाले, की वरच्या थरावर निळ्या ज्योती नाचायच्या. त्या ज्योती कशाच्या हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

शेगडीच्या खालच्या भोकांतून हवा शिरते. तळाच्या कोळशाला भरपूर प्राणवायू मिळतो, तिथे कार्बन डायऑक्साइड होतो आणि उष्णता सुटते. हा वायू वर चढताना लाल निखाऱ्यांच्या थरातून जातो. तिथे प्राणवायू संपलेला असतो, पण कार्बन तापलेला. मग कार्बन डायऑक्साइड आणखी एक कार्बन उचलतो आणि त्याचे कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. तो वर पोचतो, मोकळी हवा भेटते आणि निळा जळतो. म्हणजे शेगडी हे गॅस बनवायचं छोटं यंत्रच आहे. वर जळायला हवा पुरली नाही तर तोच वायू खोलीत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आमच्या शेजारच्या घरात एका जानेवारीत थंडी म्हणून शेगडी आत घेतली आणि दार लावलं. त्या घरातले दोघं सकाळी उठले नाहीत. मी तेव्हा नववीत होते. बंद खोलीत शेगडी ठेवू नका, विझत आलेली तर मुळीच नको.

कारखान्यात हेच मुद्दाम करतात. बंद भट्टीत कोळसा तापवून गॅस काढायचा आणि नळाने पुरवायचा, ही जुनी विद्या आहे. १८६० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर लागलेले गॅसचे दिवे याच गॅसवर जळत. आज त्याचा उपयोग युरिया, मिथेनॉल, हायड्रोजन, आणि कोक न वापरता लोखंड करण्यासाठी होतो. ओडिशातल्या अंगुलला असा लोखंडाचा प्रकल्प आहे. २४ जानेवारी २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा-गॅस प्रकल्पांसाठी ८५०० कोटी रुपयांचं साहाय्य मंजूर केलं.

जमिनीखालची शेगडी

आता ती शेगडी तीनशे मीटर खाली न्या. खोल थरातला कोळसा खणून काढणं परवडत नाही, माणसं खाली उतरवणं धोक्याचं. मग कोळसा जिथे आहे तिथेच पेटवून फक्त गॅस वर आणला तर? हा विचार १८६८ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी मांडला, १८८८ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी. १९१२ मध्ये विल्यम रॅमसे यांनी इंग्लंडात प्रयोग ठरवला, तो पहिल्या महायुद्धात राहिला. सोव्हिएत संघाने १९३० च्या दशकात तो प्रत्यक्षात आणला. उझबेकिस्तानात अंग्रेनला १९६१ पासून लिग्नाइटच्या थरातून असा गॅस निघू लागला आणि वीजकेंद्रात जळू लागला.

करतात ते असं. आधी पाहणी. ठरावीक अंतरावर बोअर पाडून कोळशाच्या आणि वरच्या-खालच्या खडकाच्या नळ्या, म्हणजे लांब गोल कांड्यांसारखे नमुने, बाहेर काढतात. या नळ्यांवरच आमचे ते चार आकडे काढायचे, शिवाय खडकातून पाणी किती झिरपतं, भेगा कुठे, भ्रंश (खडक तुटून सरकलेली जागा) कुठे. मग दोन विहिरी: एकीतून हवा किंवा प्राणवायू-वाफ आत सोडायची, दुसरीतून गॅस बाहेर. दोन्हींच्या मध्ये कोळशात वाट हवी. जुन्या पद्धतीत एका विहिरीशी कोळसा पेटवून दुसरीतून हवा सोडत. आग येणाऱ्या हवेकडे उलटी सरकत जाई आणि वाट होई. आता थरातूनच आडवी विहीर पाडतात. तिच्यात नळी घालून टोकाला पेटवतात. तिथला कोळसा संपला की हवेचं टोक मागे ओढतात आणि पुढचा भाग पेटवतात. मला ही पद्धत जास्त पटते, कारण आग कुठे आहे ते ठाऊक असतं.

पेटवल्यावर आतलं तापमान १००० अंशांच्या वर जातं. थराच्या एका टोकाला जळणं, त्यापुढे शेगडीच्या मधल्या थरासारखी क्रिया, त्याच्याही पुढे कोळशातले बाष्पशील पदार्थ सुटणं. राख खालीच राहते, हा माझ्यासारखीला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. वर येतो तो कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, थोडा मिथेन, बराच कार्बन डायऑक्साइड. साधी हवा सोडली असेल तर निम्म्याच्या आसपास नायट्रोजन. असा गॅस उष्णतेला हलका असतो, घनमीटरला सुमारे १००० किलोकॅलरी, म्हणजे नैसर्गिक वायूच्या नवव्या-दहाव्या हिश्शाइतका. प्राणवायू सोडला तर दुप्पट. तो लांब नेण्यात अर्थ नसतो, जवळच वीज किंवा रसायन करावं लागतं. आणि त्याआधी त्यातलं डांबर, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढावं लागतं. ते धुतलेलं पाणी विषारी असतं हेही विसरू नये.

आपल्या देशात सुरतेजवळ वस्तानच्या लिग्नाइटवर ओएनजीसीने रशियाच्या स्कोचिन्स्की संस्थेबरोबर बरीच तयारी केली, पण काम पेटवण्यापर्यंत गेलं नाही. जून २०२४ मध्ये झारखंडच्या जामताडा जिल्ह्यात कास्ता इथे देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. कोल इंडियाची ईस्टर्न कोलफील्ड्स, खाणींचं नियोजन करणारी रांचीची सीएमपीडीआय आणि कॅनडाची कंपनी अर्गो एक्सर्जी यांचा. पहिला टप्पा बोअर आणि नळ्यांच्या तपासणीचा, पेटवणं त्यानंतर. हा क्रम बरोबर आहे.

पाणी

गॅस मिळतो हे सगळ्या जगाने पाहिलंय. अडचण पाण्याची आहे, आणि मी इथे जरा थांबणार आहे.

जमिनीखाली पाणी दाबाखाली असतं. दर दहा मीटर खोलीला सुमारे एक वातावरण दाब, म्हणजे तीनशे मीटरवर तीस. कोळसा जळून झालेल्या पोकळीतल्या गॅसचा दाब या पाण्याच्या दाबाहून किंचित कमी ठेवला तर पाणी आत येतं, गॅस बाहेर जात नाही. आत आलेलं पाणी वाफ होऊन कामीच येतं. दाब जास्त झाला तर उलटं होतं: बेंझीन, फिनॉल ही विषारी रसायनं असलेला गॅस खडकांच्या भेगांतून भूजलात शिरतो. अमेरिकेत वायोमिंगमधल्या हो क्रीकला १९७० च्या दशकात दाब वाढला, वरचं छत कोसळलं, आणि भूजलात बेंझीन व फिनॉल गेलं. पुढे त्याच राज्यात १९८७-८८ मध्ये दाब सांभाळून, शेवटी पोकळी वाफेने धुऊन प्रयोग केला, तो बराच स्वच्छ निघाला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या चिंचिला इथलं काम न्यायालयात गेलं, तिथल्या सरकारने २०१६ मध्ये ही पद्धतच बंद केली, आणि २०१८ मध्ये कंपनीला ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

विषय आमच्या जिल्ह्याचा निघाला तर माझं बोट नकाशावर पहिल्यांदा कामठी वालुकाश्मावर जाईल. वर्धा खोऱ्यात कोळसा बराकार नावाच्या खडकथरांत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर हा वालुकाश्म. तो पाणी छान धरतो. कितीतरी गावांच्या बोअरवेल त्यावर चालतात. खाली पेटवलं, पोकळी झाली, छत खचलं, तर भेग या पाण्यापर्यंत पोचेल का? याचं उत्तर प्रत्येक जागेचं वेगळं असेल. ते मोजून मिळाल्याशिवाय मी कुठेही काडी ओढू देणार नाही.

तुमच्या गावाजवळ असा प्रकल्प आला आणि जनसुनावणी लागली, तर हे विचारा. कोळशाचा थर किती खोल, आणि त्याच्या छतापासून पाण्याच्या थरापर्यंत किती मीटर घट्ट खडक आहे? जवळचा भ्रंश किती अंतरावर? जुन्या खाणींची पोकळी आसपास आहे का? पोकळीतला दाब कोण मोजणार, आणि किती झाला की हवा बंद करणार, तो आकडा लिहून द्याल का? देखरेखीच्या विहिरी किती, आणि आग विझल्यावर किती वर्षं त्यांचं पाणी तपासणार? जमीन किती खचेल? उत्तरात "सर्व काळजी घेतली जाईल" आलं तर पुन्हा आकडाच मागा.

आणि सुनावणीची वाट न पाहता एक काम आपलं आपण करा. प्रकल्प सुरू होण्याच्या आधी, गावातल्या पाच-सहा विहिरी आणि बोअरवेलचं पाणी तपासून ठेवा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. आधीचा आकडा नसेल तर नंतर काहीही सिद्ध होत नाही. हात साबणाने धुऊन, पेट्रोल किंवा रंगाचा वास नसलेल्या जागी पाण्याचा नमुना घ्या. बोअर पंधरा मिनिटं चालू ठेवून आतलं साचलेलं पाणी जाऊ द्या. बाटली गडद काचेची घ्या, प्रयोगशाळाच देते. बेंझीनच्या तपासणीसाठी ती गळ्यापर्यंत काठोकाठ भरा. झाकण लावून उलटी धरा, आत एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण बेंझीन त्या हवेत निघून जातं. फिनॉलसाठी वेगळी बाटली. दोन्हींवर विहिरीचं नाव, तारीख, वेळ लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. अहवालाच्या तीन प्रती काढा: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक तुमच्या घरी.